अँटिव्हायरस फुकट की विकत? एका घरगुती प्रश्नाचा इतिहास



मागच्या महिन्यात रात्री साडेदहाला आमच्या लॅबमधल्या एका ज्युनिअरचा फोन आला. "दादा, लॅपटॉपवर सारखी लाल खिडकी येतेय. अँटिव्हायरसची मुदत संपली म्हणतेय. दुकानदार बाराशे मागतोय. भरू का? की फुकटवालं टाकू?"

लॅपटॉप तिच्या वडिलांनी तीन वर्षांपूर्वी हप्त्यावर घेऊन दिलेला. एमएस्सीच्या प्रोजेक्टचा सगळा डेटा त्यातच, पेटसाठी लिहिलेला संशोधन आराखडाही त्यातच. दुसरी प्रत कुठेच नाही. मी सूक्ष्मजीवशास्त्रात पीएचडी करतोय, त्यामुळे "तू व्हायरसवाला ना, मग तूच सांग" हा विनोद मला नेहमी ऐकावा लागतो. मी तिला म्हटलं, "उद्या सांगतो. तोपर्यंत प्रोजेक्टचं फोल्डर स्वतःलाच मेल करून ठेव."

लगेच उत्तर दिलं नाही, कारण याच प्रश्नावर मी एकदा तोंडावर आपटलोय. एमएस्सीला असताना माझ्याकडे पैसे भरून घेतलेला अँटिव्हायरस होता. आलेख काढायचं एक महागडं सॉफ्टवेअर मी 'क्रॅक' करून टाकलं. सोबतच्या सूचनेत पहिलीच ओळ होती: आधी अँटिव्हायरस बंद करा. मी केला, आणि परत चालू करायचा विसरलो. चार दिवसांनी झेरॉक्सच्या दुकानातून परत आलेला पेनड्राइव्ह लावला. सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झाले. ते निस्तरताना घाईत भलतंच फॉरमॅट केलं आणि तीन आठवड्यांची रीडिंग्ज गेली. पैसे भरलेले होते, तरी गेली.

म्हणून आजचा लेख. उत्तर शेवटी देतोच, पण त्याआधी प्रश्नाचा इतिहास बघू. 'क्ष चांगलं की य?' असा प्रश्न घेऊन गाइडकडे गेलात तर ते विचारतील, "कोणासाठी? कधी? कशाच्या तुलनेत?" इतिहास बघितला की या तिन्हींची उत्तरं मिळायला लागतात.

एका पीएचडी विद्यार्थ्याचं प्रमेय

१९८३ मध्ये फ्रेड कोहेन हा दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात पीएचडी करत होता. स्वतःची प्रत दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये घुसवणारा प्रोग्रॅम त्याने लिहिला आणि परवानगी घेऊन विद्यापीठाच्या संगणकावर त्याचे प्रयोग केले. त्याला 'व्हायरस' म्हणावं, हे सुचवलं त्याचे मार्गदर्शक लिओनार्ड ॲडलमन यांनी. आरएसए या कूटपद्धतीतला 'ए' तो यांचाच. पुढे १९९४ मध्ये यांनीच डीएनएचे रेणू वापरून गणित सोडवून दाखवलं, त्यामुळे आम्हा जीवशास्त्रवाल्यांना ते आपले वाटतात.

कोहेनचं महत्त्वाचं काम पुढे आहे. कुठलाही प्रोग्रॅम व्हायरस आहे की नाही हे अचूक सांगणारा अँटिव्हायरस बनू शकेल का? त्याने सिद्ध केलं की नाही. युक्तिवाद साधा आहे. समजा असा अचूक तपासनीस आहे. आता मी एक प्रोग्रॅम लिहितो, जो आधी त्या तपासनीसाला स्वतःबद्दल विचारतो. तपासनीस 'व्हायरस आहे' म्हणाला, तर प्रोग्रॅम गप्प बसतो. 'नाही' म्हणाला, तर पसरतो. म्हणजे तपासनीस काहीही म्हणाला तरी चुकतोच. ट्युरिंगच्या 'हॉल्टिंग प्रॉब्लेम'ची वाट इथेही चालते.

याचा आपल्या प्रश्नाशी थेट संबंध आहे. बाराशे भरा नाहीतर बारा हजार, शंभर टक्के संरक्षण हे तत्त्वतःच अशक्य आहे. कोणताही अँटिव्हायरस कधी खरा व्हायरस सोडणार, तर कधी निर्दोष फाइल पकडणार. तुलना करायची ती या दोन चुकांच्या प्रमाणाची. ज्यांनी पीसीआर किंवा एलायझा केलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

विकणारे आणि वाटणारे

१९८६ मध्ये लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांनी 'ब्रेन' लिहिला. आयबीएम पीसीवर पसरलेला हा पहिला व्हायरस मानतात. तो फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये बसायचा. आपल्या सॉफ्टवेअरच्या चोरट्या प्रती निघू नयेत म्हणून तो केला, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यात त्यांनी स्वतःचं नाव, पत्ता, फोन नंबर टाकला होता आणि 'लस' हवी असेल तर संपर्क करा, असंही लिहिलं होतं.

त्यानंतर दोन-तीन वर्षांतच अँटिव्हायरस हा धंदा झाला, आणि फुकट-विकतचा घोळ सुरुवातीपासूनच आहे. अमेरिकेत जॉन मॅकॅफीने १९८७ मध्ये कंपनी काढली. त्याचं सॉफ्टवेअर बुलेटिन बोर्डांवरून कोणीही उतरवून घ्यायचं, वापरून बघायचं. खरे पैसे यायचे ते कंपन्यांच्या परवान्यांतून. म्हणजे घरी सवय लावायची आणि ऑफिसकडून वसूल करायचं.

प्रागमध्ये १९८८ साली पावेल बौदिश या संशोधकाला 'व्हिएन्ना' नावाचा व्हायरस सापडला. तो काढायला त्याने प्रोग्रॅम लिहिला आणि सहकारी एडुआर्ड कुचेरासोबत 'अल्विल' ही संस्था उभी केली. तेव्हा तिथे साम्यवादी राजवट होती, त्यामुळे खासगी कंपनीऐवजी सहकारी संस्था काढली. याच संस्थेचं 'अवास्ट'. मोठ्या कंपन्यांपुढे टिकणं अवघड झाल्यावर २००१ मध्ये त्यांनी मूळ अँटिव्हायरस घरगुती वापरासाठी फुकट केला. २००४ मध्ये वापरणारे १० लाख होते, २००६ मध्ये २ कोटी. फुकट वाटणं हीच त्यांची जाहिरात होती.

इथे १९९२ ची एक गोष्ट सांगायला हवी. 'मायकेलअँजेलो' नावाचा व्हायरस ६ मार्चला जागा होऊन डिस्क पुसणार होता. लाखो संगणक जातील, असे आकडे वर्तमानपत्रांत आले आणि अँटिव्हायरसची धडाक्यात विक्री झाली. प्रत्यक्षात फटका बसला तो काही हजार संगणकांना. याचा अर्थ व्हायरस खोटा होता असा नाही. पण धोक्याचा आकडा देणाऱ्याला त्या आकड्यातून विक्री मिळत असेल, तर तो आकडा आपण वेगळ्या पेनने टिपून ठेवायचा. सिनॉप्सिसमध्ये 'अमुक इतके टक्के लोक बळी पडतात' असं वाक्य टाकण्याआधी ते कोणाचं आहे, हे बघाच.

पुण्यातली गोष्ट

आपल्याकडे मात्र बराच काळ 'विकत'चंच चाललं, आणि त्यात पुण्याचा वाटा मोठा. कैलाश काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामातून संगणक दुरुस्तीकडे वळले. दुकानात येणारे संगणक व्हायरसने भरलेले असायचे, म्हणून धाकटे भाऊ संजय यांनी ते साफ करणारा प्रोग्रॅम लिहिला. त्यातून १९९५ मध्ये कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस ही कंपनी आणि 'क्विक हील' उभं राहिलं. २००७ मध्ये कंपनीचं नावच क्विक हील झालं आणि २०१६ मध्ये ती शेअर बाजारात आली.

फुकट अँटिव्हायरस उपलब्ध असताना लोक पैसे का देत होते? मला वाटतं, 'फुकट' उतरवून घ्यायला चांगलं नेट लागतं आणि ते तेव्हा घरोघरी नव्हतं. सीडीचा डबा मात्र कोपऱ्यावरच्या दुकानात मिळायचा. दुकानदार घरी येऊन टाकून द्यायचा आणि अडलं तर त्यालाच फोन करता यायचा. लोक पैसे देत होते ते बऱ्याच अंशी त्या माणसाचे. आजही माझ्या ज्युनिअरला बाराशे मागणारा दुकानदारच आहे, हे लक्षात घ्या.

मग मायक्रोसॉफ्ट आलं

मायक्रोसॉफ्टने १९९३ मध्ये डॉस ६ सोबत एक अँटिव्हायरस दिला होता, पण तो फार काळ टिकला नाही. २००६ मध्ये त्यांनी 'वनकेअर' विकत द्यायला घेतलं, तेही चाललं नाही. मग सप्टेंबर २००९ मध्ये 'सिक्युरिटी इसेन्शियल्स' फुकट दिलं आणि २०१२ च्या विंडोज ८ पासून पूर्ण अँटिव्हायरस 'डिफेंडर' या नावाने विंडोजमध्येच बसवून टाकला. तेव्हापासून 'फुकट की विकत' या प्रश्नाला तिसरा पर्याय आला: आधीपासून आत असलेला.

डिफेंडर चांगला आहे का? हा पुराव्याची तारीख बघण्याचा उत्तम नमुना आहे. जर्मनीतल्या माग्देबुर्गची एव्ही-टेस्ट ही संस्था अँटिव्हायरसच्या नियमित चाचण्या घेते. २०१२ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टच्या उत्पादनाला तिचं प्रमाणपत्र मिळालं नव्हतं. २०१९ मध्ये त्याच संस्थेच्या चाचणीत डिफेंडरला संरक्षण, वेग आणि वापरसुलभता या तिन्हींत सहापैकी सहा गुण मिळाले. 'विंडोजवाला काही कामाचा नाही' हे वाक्य अजूनही फिरतं. ते एकेकाळी खरं होतं, आता शिळं आहे. तुमच्या लिटरेचर रिव्ह्यूमध्येही अशी वाक्यं सापडतील, तेव्हा शोधनिबंधाचं वर्ष आधी बघा.

फुकटची किंमत, विकतची हमी

'फुकट' कोणीतरी भरतंच. जानेवारी २०२० मध्ये पत्रकारांनी उघड केलं की अवास्ट आपल्या वापरकर्त्यांची ब्राउझिंगची माहिती 'जम्पशॉट' या उपकंपनीमार्फत विकत होतं. काही दिवसांत जम्पशॉट बंद झालं. २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अवास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले आणि जाहिरातींसाठी अशी माहिती विकायला बंदी घातली. आपल्यावर पाळत ठेवली जाऊ नये म्हणून जे टाकलं, तेच आपली माहिती विकत होतं.

पण 'विकत' म्हणजे वेगळी, स्वच्छ दुनिया असंही नाही. अवास्टने २०१६ मध्ये एव्हीजी घेतलं. पुढे नॉर्टनच्या कंपनीने अविरा घेतलं आणि २०२२ मध्ये अवास्टही घेतलं. आज नॉर्टन, अवास्ट, एव्हीजी, अविरा ही चारही नावं जेन डिजिटल या एकाच घरची आहेत. दुकानात जे परस्परविरोधी दिसतात, त्यांचा मालक एकच.

आणि दोन्हीपेक्षा महत्त्वाची गोष्ट 'वॉनाक्राय'ने शिकवली. १२ मे २०१७ ला हा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांचं कामकाज कोलमडलं. तो ज्या फटीतून आत शिरला, ती बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलं होतं. ज्यांनी ते टाकलं होतं, त्यांच्याकडे तो त्या फटीतून शिरू शकला नाही.

मग तिला काय सांगितलं?

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये लॅपटॉप घेऊन बसलो. मुदत संपलेला अँटिव्हायरस आधी काढून टाकला. नवी माहिती मिळत नसलेला पहारेकरी नुसती जागा अडवतो, आणि दोन पहारेकरी एकमेकांच्याच अंगावर जातात. रीस्टार्ट केल्यावर डिफेंडर चालू झाला का, ते तपासलं. विंडोजची अडकलेली अपडेट्स टाकली. सुदैवाने तिच्याकडे विंडोज ११ आहे. विंडोज १० चं नियमित सहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबलं, त्यामुळे तुमच्याकडे ते असेल तर आधी त्याचं बघा. दोन क्रॅक केलेली सॉफ्टवेअर निघाली, ती काढली. आलेखांसाठी 'आर' टाकून दिलं, ते अधिकृतपणेच फुकट आहे.

बाराशे रुपयांतून एक मोठा पेनड्राइव्ह घेतला. दर रविवारी त्यात प्रत काढायची आणि लगेच काढून कपाटात ठेवायचा. लावून ठेवला तर खंडणीखोर व्हायरस तोही कुलूपबंद करतो. तिसरी प्रत विद्यापीठाच्या ड्राइव्हवर.

विकत घेणं कधीच योग्य नाही का? असं मी म्हणणार नाही. घरात आई-बाबा, लहान भावंडं एकच लॅपटॉप वापरत असतील, मुलांसाठी साइटवर नियंत्रण हवं असेल, किंवा अडल्यावर मराठीत बोलणारा माणूस हवा असेल, तर ते पैसे त्या सोयींचे आहेत, आणि ते देण्यात गैर काही नाही. फक्त आपण काय विकत घेतोय, हे माहीत असू द्या.

तिने शेवटी विचारलं, "दादा, म्हणजे बाराशेचा अँटिव्हायरस फसवणूक आहे का?" मी म्हटलं, "नाही. पण तुझा खरा प्रश्न अँटिव्हायरसचा नव्हता. हा लॅपटॉप उद्या गेला तर माझ्याकडे काय उरेल, हा होता."

ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग पेनड्राइव्हवर पहिली प्रत काढायला घेतली. सत्तावीस मिनिटं लागली. तेवढ्यात आमचा दोन वेळा चहा झाला.

तुमच्या डेटाची दुसरी प्रत आज कुठे आहे? नसेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी ती काढा.