बीड रोडवरची विमानं

विमानाचा आवाज आला की आपले विज्ञानाचे सर खडू खाली ठेवत. पुढचं अर्धं मिनिट वर्गातल्या कुणाचंच लक्ष लागणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. खिडकीजवळच्या बाकावरचे नशीबवान. त्यांना केशरी शेपटी आणि तिच्यावरचं पांढरं चिन्ह दिसायचं. ती इंडियन एअरलाइन्स. आज ती कंपनी नाही. तिच्याबद्दल थोडं लिहावं असं कितीतरी दिवस मनात होतं, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने लिहिते.

१९५३ साली संसदेने कायदा करून देशातल्या विमान कंपन्या सरकारच्या ताब्यात घेतल्या. परदेशी उड्डाणं एअर इंडियाकडे गेली. देशातली उड्डाणं करणाऱ्या आठ कंपन्यांची मिळून १ ऑगस्ट १९५३ पासून इंडियन एअरलाइन्स सुरू झाली. त्या आठांत निजाम सरकार आणि टाटा यांच्या भागीदारीतली डेक्कन एअरवेजही होती. आपलं शहर तेव्हा हैदराबाद राज्यातच होतं, म्हणजे हा आपल्याही घरचाच इतिहास.

नव्या कंपनीला वारशात ९९ विमानं मिळाली. त्यांतली ७४ डाकोटा, महायुद्धात नावाजलेल्या जातीची. डाकोटाचा मोठा गुण म्हणजे तिला गुळगुळीत धावपट्टीचे लाड लागत नसत. रात्रीच्या टपालसेवेतही हीच विमानं असत. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथून निघालेली विमानं मध्यरात्री नागपूरला जमत, आपापसांत थैल्या बदलत आणि पहाटेपर्यंत परतत. आजच्या भाषेत नागपूर हे त्यांचं ‘हब’ होतं.

पुढे १९५७ मध्ये व्हायकाउंट, १९६१ मध्ये फोकर फ्रेंडशिप आणि १९६४ मध्ये पहिलं जेट कॅराव्हेल आलं. आपल्याच कानपूरच्या कारखान्यात बांधलेली ॲव्हरो विमानंही ताफ्यात आली. सत्तरच्या दशकात बोइंग ७३७ आणि १९७६ मध्ये मोठं एअरबस ए-३०० आलं. मुलींसाठी एक खास नोंद : १९८५ मध्ये कलकत्ता-सिलचर मार्गावर फोकर विमानातले सगळे कर्मचारी महिला होत्या आणि कप्तान होत्या सौदामिनी देशमुख.

१९८९ मध्ये आलेलं एअरबस ए-३२० तर माझ्या धंद्याच्या अगदी जवळचं. वैमानिकाच्या हाताची हालचाल त्यात संगणकामार्फत पंखांपर्यंत पोचते. मला मात्र त्याच्या चाकांचं जास्त कौतुक वाटतं. या जातीच्या विमानाला सहसा प्रत्येक मुख्य पायाला दोन चाकं असतात. इंडियन एअरलाइन्सने चार-चार चाकांची मागवली, कारण आपल्याकडच्या कितीतरी धावपट्ट्या दुबळ्या होत्या आणि वजन वाटून जायला हवं होतं. जगातलं सर्वांत आधुनिक विमान, पण पाय आपल्या जमिनीला मानवतील असे. ‘राष्ट्रीय’ कंपनी म्हणजे काय, हे मला त्या चाकांवरून कळतं.

पण प्रत्येक ठिकाणी जमिनीचा असा विचार झाला नाही. २६ एप्रिल १९९३. आपली आठवी संपत आली होती. दिल्लीहून जयपूर, उदयपूर करत आलेलं बोइंग ७३७ चिकलठाण्याहून मुंबईला निघालं. धावपट्टी जवळजवळ संपल्यावर ते उचललं गेलं आणि पलीकडच्या बीड रोडवरून कापसाच्या गाठी घेऊन जाणाऱ्या ट्रकला त्याची धडक बसली. पुढे विजेच्या तारांना अडकून ते कोसळलं. विमानातल्या ११८ जणांपैकी ५५ गेले.

आठवतं ना, नंतर आपण सगळे एका सुरात म्हणत होतो, ‘ट्रकवाल्याची चूक’? मी तर सरांसमोर ठासून सांगितलं. सर रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, “ट्रक रस्त्यावरच होता ना, बाई? मग तो चुकला कुठे?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ते पुढे चौकशीतून मिळालं. वैमानिकांनी विमानाचं नाक उशिरा आणि चुकीच्या पद्धतीने उचललं, हे एक कारण. विमानाच्या वेळेत बीड रोडवरची वाहतूक आवरण्यात विमानतळाची यंत्रणा कमी पडली, हे दुसरं. ट्रकवाला आपल्या वाटेने चालला होता. आपण पोरांनी मात्र त्याला केव्हाच दोषी ठरवून टाकलं होतं.

गेली वीसहून अधिक वर्षं मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. रात्री-बेरात्री एखादी यंत्रणा बंद पडली की सकाळच्या बैठकीत पहिला प्रश्न येतो, ‘कोणी केलं?’ बहुतेक वेळा हाताला लागतो तो सगळ्यात नवखा मुलगा, ज्याने शेवटचं बटण दाबलेलं असतं. तेव्हा मला बीड रोड आठवतो आणि मी विचारते, ‘तो रस्ता तिथे उघडा का होता?’ हा प्रश्न माझा नाही. आपल्या वर्गातून उचलून आणलेला आहे.

१९९४ मध्ये सरकारी मक्तेदारीचा कायदा रद्द झाला. २००५ मध्ये कंपनीचं नाव नुसतं ‘इंडियन’ झालं आणि शेपटीवर कोणार्कचं चक्र आलं. २००७ मध्ये एअर इंडियात विलीनीकरण ठरलं. २०११ मध्ये तिकिटांवरची ‘आयसी’ ही अक्षरंही गेली. २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे परतली, तेव्हा इंडियन एअरलाइन्सचं जे काही उरलं होतं तेही तिच्यासोबत गेलं.

सर, तुम्ही मेळाव्याला याल तेव्हा एक सांगायचं आहे. त्या दिवशी मी दिलेलं उत्तर चूक होतं. दुरुस्त करायला तीस वर्षं लागली. निम्मे गुण तरी द्याल ना?