यंत्रांची नाडीपरीक्षा

यंत्राला दुखणें असो वा नसो, ठराविक मुदत भरली कीं तें खोलून पाहावयाचें, हा कारखानदारीचा जुना कुळाचार होता. भाग जुना झाला म्हणजे मोडणारच, तेव्हां मोडण्यापूर्वीं तो बदलावा, असा हा सरळ हिशेब. त्याला पहिला जबर धक्का बसला तो कोणा यंत्रविशारदाकडून नव्हे, तर एका जीवशास्त्रज्ञाकडून, हें ऐकून श्रोत्यांस नवल वाटेल.

कॉनरॅड हॅल वॉडिंग्टन हे मूळचे गर्भविकासाचे अभ्यासक. दुसऱ्या महायुद्धांत ते ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडमध्यें संशोधनाच्या कामीं लागले. जर्मन पाणबुड्यांच्या मागावर असणारीं विमानें पुष्कळ वेळ दुरुस्तीच्या छपराखालींच अडकून पडत. दर ५० तासांच्या उड्डाणानंतर त्यांची तपासणी होई. वॉडिंग्टन व त्यांचे सहकारी यांनीं बिघाडांच्या नोंदी उड्डाणाच्या तासांशीं ताडून पाहिल्या. तपासणीनंतर बिघाड कमी व्हावयाचे. तेथें ते लगेच वाढत आणि मग हळूहळू उतरत जात! चांगल्या बसलेल्या जोडण्या पुन्हा पुन्हा खोलल्यानें नवे दोष उत्पन्न होत होते. वैद्यानेंच रोग द्यावा तसला हा प्रकार. हा सविस्तर वृत्तांत ग्रंथरूपानें मात्र १९७३ मध्येंच बाहेर आला.

मग न खोलतां आंतली स्थिति ओळखावी कशी? बाजारांत मडकें घेणारी गृहिणी तें वाजवून पाहते. आगगाडीच्या चाकांवर हातोडी मारीत जाणारा कामगार तेंच करी. अखंड चाक खणखणे, तडा गेलेलें बद्द वाजे. खर्च एका हातोडीचा आणि एका तरबेज कानाचा! १९३९ मध्यें अमेरिकेंत टी. सी. रॅथबोन यांनीं फिरत्या यंत्राचें कंपन कोठपर्यंत सह्य व कोठून धोक्याचें, याचीं प्रमाणें प्रसिद्ध केलीं. त्यानंतरच्या दशकांत तेथील डेन्व्हर अँड रिओ ग्रँड वेस्टर्न रेल्वेनें डिझेल इंजिनांतील वापरलेल्या तेलाचें वर्णपटानें पृथक्करण आरंभिलें. तेलांत तांबें वाढलें कीं कोठला तरी बेअरिंग झिजूं लागला असें समजावें.

साधनें वाढलीं तसा निवडीचा प्रश्न उभा राहिला. युनायटेड एअरलाइन्सचे स्टॅन्ली नोलन व हॉवर्ड हीप यांनीं १९७८ च्या अहवालांत दाखविलें कीं, विमानाच्या सुमारें ८९ टक्के भागांना वयाची मर्यादा घालून कांहींच लाभ नव्हता. परीक्षा करावयाची तर बिघाडाचें पूर्वचिन्ह स्पष्ट दिसलें पाहिजे, तें दिसल्यापासून मोडेपर्यंत पुरेसा अवधि मिळाला पाहिजे, आणि परीक्षेचा खर्च टळणाऱ्या हानीहून कमी असला पाहिजे. शेजारीं दुसरा सज्ज पंप असेल, तर लहानशा पंपाला भारी कंपनमापक लावणें ही उधळपट्टीच. तो मोडेपर्यंत चालू द्यावा. ज्या टर्बाइनच्या थांबण्यानें शहर अंधारांत बुडेल, तेथें मात्र अहोरात्र पहाराही स्वस्त. चिन्ह दिसल्यापासून भाग तीनच महिने टिकत असेल, तर वार्षिक तपासणीनें काय साधणार?

डीसी-८ विमानाच्या प्रारंभींच्या योजनेंत ३३९ भाग मुदतीनें खोलण्याचें बंधन होतें. डीसी-१० च्या योजनेंत असे भाग अवघे ७ उरले.