स्पॉन्सर (व्यसनमुक्ती)

दारू सोडू पाहणाऱ्याला बारा पायऱ्यांच्या कार्यक्रमात साथ देणारा, स्वतः त्याच व्यसनातून निघालेला सोबती. हा कार्यक्रम अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस (ए.ए.) या संघटनेचा. १९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन शहरात ती सुरू झाली, १९५७ मध्ये भारतात आली. नागपुरातही तिचे गट आहेत.

स्पॉन्सरची नेमणूक होत नाही. नवा माणूस मीटिंगांना जातो, कुणाचे बोलणे पटते ते बघतो आणि त्यालाच विचारतो. फी नसते. स्पॉन्सर निदान वर्षभर तरी प्यालेला नसावा. पुरुषाला पुरुष, बाईला बाई, असा संकेत आहे. चौथ्या पायरीत आपल्या वागण्याचा हिशेब लिहायचा आणि पाचवीत तो दुसऱ्या माणसापुढे उघड करायचा. ऐकणारा बहुधा स्पॉन्सरच. जिचे मंगळसूत्र सराफ्यात गहाण पडले, त्या बायकोपुढे पहिल्यांदा हे वाचवत नाही. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात (स्थापना १९८६) समुपदेशकांमध्ये माजी रुग्ण असतात, पण तिथे ती नोकरी आहे. स्पॉन्सर बिनपगारी, आणि त्याचीही गरज भागत असते: दुसऱ्याला सांभाळताना तो स्वतः सावध राहतो. ए.ए.चे एक संस्थापक बिल विल्सन ज्याला आपला स्पॉन्सर मानत, तो एबी थॅचर पुढे पुन्हा प्यायला लागला. विल्सन मात्र १९७१ मध्ये मरेपर्यंत प्याले नाहीत.

नागपूरच्या इतवारीसारख्या ठोक बाजारात कसोटीची वेळ संध्याकाळची. हमालाच्या हातात मजुरी पडलेली असते आणि सोबतचे ‘चल ना बे’ म्हणत असतात. फोन तेव्हाच करायचा, पहिल्या घोटाआधी. पलीकडून प्रवचन नको. ‘कुठं आहेस भाऊ? जेवला का?’ एवढे बस होते, कारण रिकाम्या पोटी तलफ जोर धरते. स्पॉन्सर सावकार नव्हे, डॉक्टर तर नाहीच. बरीच वर्षे रोज पिणाऱ्याने एकदम दारू तोडली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. तिथे दवाखानाच गाठावा.

खर्रा मात्र ए.ए.च्या कक्षेबाहेर. सुपारी, तंबाखू, चुना प्लॅस्टिकच्या तुकड्यावर घोटून झालेली पुडी चारचौघांत फिरते, आणि ‘नको’ म्हणणारा तुसडा ठरतो. त्यासाठी सरकारची मोफत क्विटलाइन आहे (१८००-११-२३५६). पण दुकानाच्या ओट्यावर शेजारी बसून पुडी परत करणारा जोडीदार तंबाखू सोडणाऱ्याला स्वतःच शोधावा लागतो.