प्रस्तावना : रक्त चढवण्यापूर्वी

रक्त भरलं की माणूस उभा राहतो, असा आपल्याकडे ठाम समज आहे आणि तो निराधार नाही. बाळंतपणात अतिरक्तस्राव झालेली बाई, अपघातात मांडी मोडून आलेला तरुण, थॅलेसेमियाचं लेकरू यांचे जीव वेळेवर मिळालेल्या पिशवीने वाचतात. मात्र रक्त म्हणजे ताकदीचं टॉनिक नव्हे. दुसऱ्या माणसाच्या शरीरातून आलेलं ते एक औषध आहे. त्याला मात्रा आहे, दुष्परिणाम आहेत आणि पुष्कळदा पर्यायही आहेत. या तिन्हींचा एकत्र विचार करणाऱ्या शास्त्राची ही ओळख आहे. परिचारिका, आशाताई, वैद्यकाचे विद्यार्थी आणि चिठ्ठी हातात घेऊन रक्तपेढीकडे धावणारे नातेवाईक, या सगळ्यांसाठी ती लिहिली आहे.

हा विषय वाशीम जिल्ह्यातल्या रिसोडच्या बाजूने मांडण्याला कारण आहे. १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळा झालेला वाशीम जिल्हा २०१८ मध्ये नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांत गणला गेला. इथल्या रुग्णाला रक्त लागलं की घरच्यांपुढे बहुतेक वेळा वाशीमची किंवा अकोल्याची वाट असते. हवा तो गट शिल्लक नसला की ‘डोनर आणा’ हे उत्तर मिळतं. जयंत्यांच्या शिबिरांत रक्त भरपूर जमतं. मे महिन्यात कॉलेजं बंद असतात, ऊन तापलेलं असतं, आणि पेढ्या रिकाम्या पडतात. आज जमलेलं रक्त पुढच्या टंचाईसाठी राखून ठेवता येत नाही, कारण लाल पेशी थंडाव्यात ३५ ते ४२ दिवस टिकतात आणि प्लेटलेट्स जेमतेम ५ दिवस. म्हणून रक्ताची गरज टाळणं हे इथे उपचारातलं पहिलं पाऊल ठरतं.

या शास्त्राचा पाया कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये रक्तगट मांडून घातला. त्यात महाराष्ट्राची मोलाची भर आहे. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. य. म. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे’ रक्तगट शोधला. हा गट असलेली व्यक्ती वरवरच्या तपासणीत ‘ओ’ गटाची दिसते. पण तिला ‘ओ’ गटाचं रक्त दिलं तर ते जिवावर बेतू शकतं. धोका उघड होतो तो क्रॉसमॅचमध्ये, म्हणजे दात्याचं आणि रुग्णाचं रक्त जुळवून पाहण्याच्या चाचणीत. उशीर होतोय म्हणून तंत्रज्ञावर चिडणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाने हे लक्षात ठेवावं.

धोक्यांचं म्हणाल, तर लोकांच्या मनात सगळ्यात आधी एचआयव्ही येतो. व्यावसायिक रक्तदात्यांची पद्धत सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर, १ जानेवारी १९९८ पासून बंद झाली. आज प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ ‘बी’ आणि ‘सी’, सिफिलिस व मलेरियासाठी तपासणी सक्तीची आहे. तरीही लागण नुकतीच झालेली असेल तर काही दिवस ती चाचणीत दिसत नाही. न्यूक्लिइक ॲसिड चाचणीने हा काळ कमी होतो, शून्य होत नाही. मे २०२२ मध्ये नागपुरात थॅलेसेमियाची चार मुलं एचआयव्हीबाधित आढळली आणि त्यांतलं एक दगावलं, ही बातमी विदर्भ विसरलेला नाही.

पण संसर्गाइतकंच भय साध्या चुकीचं आहे. एकाचं रक्त दुसऱ्याला लागणं, हा प्रकार बहुधा नाव, नमुना किंवा पिशवी यांच्या अदलाबदलीतून घडतो. म्हणून खाटेजवळची काही मिनिटं फार मोलाची असतात. सिस्टर रुग्णालाच नाव विचारतात, केसपेपरवरचा गट आणि पिशवीचा क्रमांक दुसऱ्या व्यक्तीसह पडताळतात, ताप-नाडी-रक्तदाब लिहून ठेवतात आणि पहिली पंधरा मिनिटं थेंब सावकाश सोडून रुग्णाजवळ थांबतात. थंडी वाजणं, कंबर दुखणं, धाप लागणं, लघवी लालसर होणं, यांतलं काहीही दिसलं की आधी रक्त बंद. एकदा सुरू केलेली पिशवी चार तासांच्या आत संपायला हवी. म्हातारं माणूस किंवा अशक्त हृदय असेल तर घाईने दिलेलं रक्त फुप्फुसात पाणी साचवतं. वारंवार रक्त घेणाऱ्यांत आणखी एक धोका हळूहळू वाढतो: प्रत्येक पिशवीतून सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात येतं, ते बाहेर टाकण्याची सोय शरीराकडे नाही, आणि ते यकृतात व हृदयात साठत जातं. अशा प्रतिक्रियांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय हिमोव्हिजिलन्स कार्यक्रम डिसेंबर २०१२ पासून सुरू आहे.

आता पर्याय. रुग्णाचं स्वतःचं रक्त वाढवा, ते वाया जाऊ देऊ नका आणि थोड्या कमी हिमोग्लोबिनने घाबरून पिशवी लावू नका, ही त्रिसूत्री जागतिक आरोग्य संघटनेने २०१० पासून पुढे आणली आहे. पहिल्या सूत्राचं महत्त्व आपल्याकडे सर्वाधिक. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. एक पिशवी मोठ्या माणसाचं हिमोग्लोबिन साधारण १ ग्रॅमने वाढवते. तेवढी वाढ पाचव्या महिन्यात असलेल्या गर्भवतीला लोहाच्या गोळ्यांनी काही आठवड्यांत मिळू शकते. गोळी सोसत नसेल तर शिरेतून लोह देता येतं. गोळीवर लगेच चहा घेऊ नये, लिंबू चालतं, हे सांगणं हाही उपचारच. तीच बाई हिमोग्लोबिन ७ च्या खाली घेऊन दिवस भरल्यावर आली, तर डॉक्टरांपुढे पिशवीशिवाय फारसं काही उरत नाही.

दुसऱ्या सूत्रात ट्रानेक्झॅमिक ॲसिड हे स्वस्त इंजेक्शन येतं. सुमारे २०,००० स्त्रियांवरच्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसलं की बाळंतपणानंतरचा रक्तस्राव सुरू झाल्यापासून ३ तासांत ते दिलं, तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू जवळपास एक तृतीयांशाने घटतात. मोठ्या शस्त्रक्रियेत सांडणारं रक्त गोळा करून, धुऊन त्याच रुग्णाला परत देणारी यंत्रं मोठ्या रुग्णालयांत आहेत. तिसऱ्या सूत्राला आधार कॅनडातल्या १९९९ च्या अभ्यासाचा: अतिदक्षता विभागातल्या ८३८ रुग्णांत ७ ग्रॅमपर्यंत थांबणाऱ्यांचं, १० ग्रॅमला रक्त मिळालेल्यांच्या तुलनेत काही बिघडलं नाही. हृदयरोग्यांसाठी मर्यादा थोडी वर ठेवतात.

विदर्भात सिकलसेल घराघरांत ठाऊक आहे. हायड्रॉक्सियुरिया नियमित घेतल्याने वेदनेचे झटके आणि रक्ताची गरज दोन्ही कमी होतात. थॅलेसेमियाच्या बहुतेक मुलांना मात्र रक्त लागतंच. तिथे खरा पर्याय लग्नापूर्वी किंवा गरोदरपणाच्या सुरुवातीला दोघांची तपासणी हा आहे. कृत्रिम रक्त अजून नेहमीच्या वापरात आलेलं नाही. त्यामुळे पर्यायांच्या उत्साहात कुणी गरजेचं रक्त नाकारू नये. धो-धो रक्तस्रावात विलंब हाच सगळ्यात मोठा धोका.

तेव्हा वाचकांना विनंती इतकीच. डॉक्टरांनी रक्त सांगितलं तर विनासंकोच विचारा: हिमोग्लोबिन किती, कारण कोणतं, थांबता येईल का, दुसरा इलाज आहे का? संमतिपत्रावर सही करण्याआधी हे समजून घेणं तुमचा हक्क आहे. घरातल्या मुलीचं, सुनेचं हिमोग्लोबिन दुखणं येण्याआधी तपासून घ्या. आणि तुमची प्रकृती ठणठणीत असेल तर शिबिराची वाट न बघता, मे महिन्यात रक्तदान करा. वाचवलेली पिशवी आणि दिलेली पिशवी, दोन्ही ज्याला रक्ताशिवाय इलाजच नाही त्याच्याच कामी येतात.