बैलाच्या शिंगापासून पिकअपच्या बंपरपर्यंत: वाहनसजावटीच्या शब्दांचा इतिहास

मालवाहू मोटारीच्या मागील उघड्या भागास मराठीत ‘हौदा’ म्हणतात. हा शब्द मूळचा अरबी ‘हौदज’. उंटाच्या पाठीवरील आसन असा त्याचा अर्थ होता; फारसीच्या द्वारे तो आपल्याकडे आला तेव्हा हत्तीवर चढला आणि मोटारयुगात चाकांवर उतरला. २००५ मध्ये टाटा एस ही लहान मालगाडी बाजारात आली व लोकांनी तिला ‘छोटा हत्ती’ म्हणावयास सुरुवात केली, तेव्हा हौद्याला त्याचा हत्ती परत मिळाला असे म्हणावयास हरकत नाही. मौजेचा भाग सोडला तरी यातून एक गोष्ट स्पष्ट होते. गाडी कारखान्यातून आली, तरी तिला आपल्या व्यवहारात सामावून घेण्याचे काम भाषेने जुन्याच साहित्यानिशी केले.

प्रस्तुत लेखाचा विषय याच व्यवहाराचे एक अंग आहे. आज ग्रामीण महाराष्ट्रात पिकअप विकत घेणारा मनुष्य पुष्कळदा घराच्या अंगणातच तिचा बंपर, जाळी, फाळके व कडेच्या पट्ट्या रंगवतो, तिच्यावर नावे व चित्रे घालतो, आरशांना गोंडे बांधतो. शहरी फॅशनचे अनुकरण, असे म्हणून या उद्योगाची बोळवण करण्याची सुशिक्षितांची प्रवृत्ती आहे. या उद्योगात वापरले जाणारे शब्द मात्र निराळी साक्ष देतात. त्यांच्या आधारे पाहता ही नवी हौस नसून, मध्यंतरी कारागिराच्या हाती गेलेले एक जुने गृहकृत्य घरी परत आले आहे, असे आमचे प्रतिपादन आहे.

पहिला कालखंड बैलाचा. श्रावण अमावास्येच्या पोळ्याला बैल ‘शृंगारण्याची’ चाल सर्वपरिचित आहे. शिंगे साळून त्यांस हिंगूळ लावणे, वर बेगड चिकटवणे, टोकांना पितळी शेंब्या बसवणे, कपाळी बाशिंग, गळ्यात घुंगरमाळ, पाठीवर झूल, शिंगांना गोंडे: ही सारी शब्दावली पशूची असली तरी तिचा संबंध वाहनाशीच आहे, कारण गाडी बैलाची होती. अंगावर ठसे उठवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या हिरमुंजी या तांबड्या रंगाचे नाव तर इराणी आखातातील होर्मुझ बंदराची आठवण सांगते. म्हणजे रंग दुरून येत होता आणि हात घरचा होता. या शृंगाराची दोन लक्षणे पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावयास हवीत. एक, तो घरातील माणसांनी करावयाचा असे. दुसरे, तो टिकाऊ नसे. दर वर्षी पुसला जाई व दर वर्षी नव्याने घातला जाई.

दुसरा कालखंड ट्रकचा. वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ मध्ये स्थापन झाली. महिंद्र यांच्या उद्योगाचा आरंभ १९४५ चा. टाटांच्या कारखान्यातून मर्सिडीज-बेंझच्या सहकार्याने ट्रक बाहेर पडू लागले ते १९५४ पासून. हे ट्रक बहुधा केवळ सांगाड्याच्या रूपाने विकले जात. त्यावरील ‘बॉडी’ गावोगावचे सुतार व लोहार ‘बांधीत’. घर बांधतात, बैलगाडी बांधतात, त्याच क्रियापदाने ट्रकची बॉडीही बांधली गेली, ही बाब बोलकी आहे. परंतु रंग मात्र घरच्या हातातून निसटला. १९२३ पासून अमेरिकेत मोटारींसाठी ‘ड्युको’ नावाचा नायट्रोसेल्युलोजचा झटपट वाळणारा रंग वापरात आला. पूर्वी ज्या कामास आठवडे लागत ते त्यामुळे थोड्या दिवसांत होऊ लागले. फवाऱ्याने रंग देण्यास हवेचा पंप, आडोसा व कसब हवे. यामुळे ‘पेंटर’ हा स्वतंत्र व्यावसायिक उदयास आला. त्याच्या नावापुढे ‘पेंटर’ हे जणू आडनावाप्रमाणे लागले आणि फाळक्याच्या कोपऱ्यात त्याची सही दिसू लागली. पोळ्याच्या बैलावर अशी सही कधी नव्हती. कर्ता घरातला असताना सहीची गरज पडत नाही; तो परका झाला की पडते.

याच काळात लहान मालगाड्या आल्या. १९५८ पासून बजाज टेम्पो कंपनीने जर्मन बनावटीची तीनचाकी मुंबईत तयार करावयास आरंभ केला. ‘टेम्पो’ हे हांबुर्गकडील एका कंपनीच्या मालाचे नाव. मराठीत ते सामान्यनाम झाले व आज कोणत्याही कंपनीच्या लहान मालगाडीस लावले जाते.

तिसरा कालखंड पिकअपचा. ट्रक आणि पिकअप यांतील महत्त्वाचा भेद आकाराचा नसून पूर्णतेचा आहे. पिकअप कारखान्यातून बहुधा हौद्यासह, रंगासह, पूर्ण होऊन येते. ‘बांधावयाचे’ असे तिच्यात थोडेच उरते. शिवाय तिचे बंपर, जाळी व चाकांवरील कडा पुष्कळदा काळ्या प्लास्टिकच्या असतात. हे प्लास्टिक बहुशः पॉलीप्रॉपिलीनच्या जातीचे असते आणि त्यावर साधा तेलरंग धरत नाही, पापुद्रे सुटून येतात. म्हणून पृष्ठभाग साबणाने धुऊन, बारीक सँडपेपरने खरवडून, प्लास्टिकसाठी मिळणाऱ्या विशेष अस्तराचा एक पातळ हात द्यावा लागतो. तो वाळल्यावर रंगाचे दोन-तीन पातळ हात. लोखंडी भागावर गंज काढून, खड्ड्यांत लांबी भरून, घासून मग अस्तर. दाबडब्यातील फवारा व मास्किंगची चिकटपट्टी बाजारात सहज मिळू लागल्यापासून पेंटरच्या पंपाची गरज लहान कामापुरती संपली. येथे ‘हात’ आणि ‘अस्तर’ हे शब्द पाहावेत. रंगाचा थर मोजण्याचे मराठी परिमाण ‘हात’ हेच राहिले आणि कापडाच्या आतील बाजूचे ‘अस्तर’ लोखंडाखाली व प्लास्टिकखाली गेले. साधन यांत्रिक झाले, पण बोलणे हातकामाचेच राहिले.

या कालखंडाचा सर्वांत विलक्षण शब्द म्हणजे ‘रेडियम’. रात्री चमकणाऱ्या चिकट कागदास व त्यातून कापलेल्या अक्षरांस सर्वत्र रेडियम म्हणतात. तो कापणारा तो ‘रेडियमवाला’. वस्तुतः रेडियम हे क्यूरी दांपत्याने १८९८ मध्ये शोधलेले किरणोत्सर्गी मूलद्रव्य. विसाव्या शतकाच्या आरंभी ते घड्याळांच्या तबकड्यांवरील स्वयंप्रकाशी रंगात घालीत. गाडीवरील कागदात त्याचा अंशही नसतो. सूक्ष्म काचमणी किंवा लोलक समोरून आलेला प्रकाश आल्या दिशेने परत पाठवतात, इतकेच. घड्याळातील स्वयंप्रकाशाचे नाव परावर्तित प्रकाशाला चिकटले. भाषेने पदार्थ पाहिला नाही, परिणाम पाहिला. बेगडीची जागा रेडियमने घेतली, असे कार्याच्या दृष्टीने म्हणता येते. दोन्ही कापून चिकटवावयाच्या, दोन्ही चमकणाऱ्या.

आता ‘लिहिणे’ या शब्दाकडे वळू. गाडीवर चित्र व अक्षर यांत भेद राहत नाही: देवीचे नाव वेलबुट्टीत गुंफलेले असते, अक्षराला शेपूट फुटून त्याचा मोर होतो. आपल्या दृष्टीने हे मिश्रण आहे. संस्कृत ‘लिख्’ धातूच्या दृष्टीने नाही. खरवडणे, चित्र काढणे व अक्षर काढणे हे तिन्ही अर्थ त्यात आहेत. ‘आलेख्य’ म्हणजे चित्रच. हा अर्थ मृत झालेला नाही. नर्मदेच्या उत्तरेस छोटा उदेपूरच्या राठवांमध्ये नवसाचा पिठोरा घराच्या भिंतीवर ‘लिहिला’ जातो, लिहिणारा तो ‘लखारा’. वारली स्त्रियाही लग्नाचा चौक लिहितात. पिठोरा तर लिहिल्यानंतर बडव्याने वाचावयाचा असतो.

येथे मणिबेलीचा विचार प्राप्त होतो. नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातील, नर्मदेच्या काठचे हे आदिवासी गाव सरदार सरोवराच्या पाण्याखाली जाणारे महाराष्ट्रातील पहिले गाव म्हणून ज्ञात आहे. १९९० नंतरच्या दशकारंभी तेथे सत्याग्रह झाले. १९९४ च्या आंतरराष्ट्रीय जाहीरनाम्यास याच गावाचे नाव मिळाले. काही कुटुंबे गुजरातेतील परवेटा वसाहतीत गेली. तेथील घरे लाकडी खांबांची व कुडाच्या, लिंपलेल्या भिंतींची. विस्थापनात खांब व तुळया उकलून गाडीत घालता येतात. लिंपण येत नाही. घर उठते, भिंत उठत नाही. मणिबेलीत पिठोरा लिहीत असत असा दावा येथे नाही. मुद्दा एवढाच की ज्या प्रदेशात घराच्या पृष्ठभागावर खुणा करणे हा धर्माचा व कुळाचा व्यवहार होता, तेथे पृष्ठभागच स्थानभ्रष्ट झाला. सातपुड्याच्या वाटांवरील गाड्यांवर याहामोगीचे नाव दिसते, तेव्हा चालती भिंत आपण पाहत आहो, हा अर्थ विचारार्ह ठरतो.

या व्यवहाराला कायद्याचे कुंपण आहे व ते अनाठायी नाही. वाहनाच्या अंगास ऑलिव्ह हिरवा रंग सैन्याव्यतिरिक्त कोणास देता येत नाही. ‘हॉर्न ओके प्लीज’ ही अक्षरे मालगाड्यांवर लिहिण्यास महाराष्ट्रात ३० एप्रिल २०१५ रोजी मनाई झाली. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने अनधिकृत लोखंडी गार्डांविरुद्ध आदेश काढला, कारण अशा गार्डाने पादचाऱ्यास अधिक इजा होते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्मात्याच्या मूळ बनावटीशी विसंगत फेरफारास परवानगी नाही, असा निर्वाळा दिला. कायद्याच्या लेखी गाडी कारखान्याच्या दारातच पूर्ण होते. परंपरेच्या लेखी विकत घेतलेली वस्तू घराच्या हाताने लिहिली जाईपर्यंत अपुरीच असते. बंपरचा रंग हा या दोन समजुतींमधील तडजोडीचा प्रदेश होय.

अभ्यासकाने हे का नोंदवावे? शिलालेख टिकतो म्हणून त्याचे संशोधन होते. गाडीवरील लेख टिकत नाही. ‘पासिंग’ला नेण्यापूर्वी गाडी रंगवली जाते आणि जुनी अक्षरे नव्या हाताखाली जातात. पोळ्याच्या शृंगाराप्रमाणेच हेही लेखन पुसले जाण्यासाठीच असते. म्हणून भाषाशास्त्राच्या व इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी बाजाराच्या दिवशी मोलगीस किंवा अक्कलकुव्यास उभ्या असलेल्या गाड्यांवरील लेख तारीख, लिपी, बोली व लिहिणाऱ्याचा हात घरचा की पेंटरचा, या चार सदरांत टिपून ठेवावेत. गाडी विकली गेली की नवा मालक प्रथम जुने नाव खरवडतो. ‘लिख्’ धातूचा पहिला अर्थ खरवडणे हाच आहे. आपल्या नोंदीने त्यापूर्वी तेथे पोहोचावयास हवे.