भारवाहक यंत्रांची देखभाल आणि तपासणीची जबाबदारी : फोर्कलिफ्टच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

औद्योगिक इतिहासाच्या लेखनात यंत्राच्या शोधाला जेवढे महत्त्व दिले जाते तेवढे त्याच्या देखभालीला दिले जात नाही. यंत्र कोणी बनविले, ते कोणत्या वर्षी बाजारात आले, त्यामुळे उत्पादन किती वाढले याच्या नोंदी सापडतात. तेच यंत्र पुढील पंधरा-वीस वर्षे कोणी चालू ठेवले, ते सुरक्षित असल्याची ग्वाही कोणी दिली आणि ती ग्वाही खोटी ठरल्यास उत्तरदायी कोण, हे प्रश्न मात्र बहुधा अनुल्लेखित राहतात. कारखाना, गोदी आणि गोदाम या तिन्ही ठिकाणी आज सर्रास दिसणारे फोर्कलिफ्ट हे यंत्र या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. या यंत्राची उचलसाखळी तुटली किंवा ते कलंडले तर प्रथम चालकाचा अथवा शेजारी उभ्या असलेल्या कामगाराचा जीव धोक्यात येतो. म्हणून त्याच्या देखभालीचा प्रश्न हा केवळ खर्चाचा प्रश्न नाही.

फोर्कलिफ्टच्या देखभालीची जबाबदारी कोणकोणत्या टप्प्यांतून विकसित झाली, भारतीय कायद्यात तिला कोणते स्थान मिळाले आणि विश्वासार्ह सेवापुरवठादार निवडण्याचे कोणते निकष या इतिहासातून हाती लागतात, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

पूर्वपीठिका : बाष्पकाची तपासणी

यंत्र दुरुस्त करणारा वेगळा आणि यंत्र सुरक्षित असल्याचे सांगणारा वेगळा, हे तत्त्व फोर्कलिफ्टपेक्षा बरेच जुने आहे. त्याचा उगम बाष्पकाच्या म्हणजे बॉयलरच्या इतिहासात आढळतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमधील कापडगिरण्यांत बॉयलर फुटून वारंवार प्राणहानी होत असे. या पार्श्वभूमीवर १८५४ मध्ये मँचेस्टर येथे वाफेची यंत्रे वापरणाऱ्यांचा एक संघ स्थापन झाला. विल्यम फेअरबेर्न या नामवंत अभियंत्याचा त्यात पुढाकार होता. बॉयलर बनविण्यात किंवा दुरुस्त करण्यात ज्यांचा आर्थिक हितसंबंध नाही अशा जाणकारांनी तो ठराविक काळाने तपासावा, ही या संघाच्या कार्यामागील कल्पना होती.

हिंदुस्थानात हाच प्रश्न १८६३ मध्ये कलकत्त्यात झालेल्या एका मोठ्या बॉयलर स्फोटाने ऐरणीवर आला आणि १८६४ मध्ये बंगाल प्रांताने तपासणीचा कायदा केला. पुढे इतर प्रांतांनी आपापले कायदे केले. त्यांतील विसंगती दूर करण्यासाठी १९२३ चा भारतीय बॉयलर अधिनियम आला. याचा अर्थ असा की, फोर्कलिफ्ट भारतात येण्याच्या कितीतरी आधी स्वतंत्र तपासणीचे तत्त्व येथील औद्योगिक व्यवहारात रुजले होते. ते या नव्या यंत्राला कितपत लागू झाले, हा पुढील विवेचनाचा विषय आहे.

फोर्कलिफ्टचा उदय आणि देखभालीच्या प्रश्नाचा जन्म

अमेरिकेतील मिशिगन राज्यात बुकॅनन येथे क्लार्क कंपनीचा ॲक्सल बनविण्याचा कारखाना होता. तेथे १९१७ मध्ये कारखान्यातल्या कारखान्यात माल हलविण्यासाठी 'ट्रकट्रॅक्टर' नावाची गाडी तयार करण्यात आली. ती विक्रीसाठी बनविलेली नव्हती. कारखाना पाहण्यास येणाऱ्यांनी तशाच गाड्यांची मागणी केली, तेव्हा तिचे व्यापारी उत्पादन सुरू झाले. १९२३ मध्ये येल कंपनीने वर उचलले जाणारे फोर्क आणि उभा मास्ट असलेली विजेवर चालणारी गाडी बाजारात आणली. आजच्या फोर्कलिफ्टचे स्वरूप येथून स्पष्ट होऊ लागले.

या घटनाक्रमातील एक बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. गाडी बनविणारा आणि वापरणारा जोपर्यंत एकच होता तोपर्यंत देखभालीचा स्वतंत्र प्रश्न नव्हता, कारण बिघाड झाला की बनविणारा कारागीर त्याच छताखाली उपलब्ध असे. गाडी दुसऱ्याच्या दारात गेली आणि तिच्याबरोबर तिचे ज्ञान गेले नाही. सेवापुरवठादार ही संस्था या अंतरातून जन्मास आली.

दुसऱ्या महायुद्धाने या प्रक्रियेस गती दिली. अमेरिकी सैन्याने पॅलेट आणि फोर्कलिफ्ट यांचा मोठ्या प्रमाणावर वापर केला आणि ही यंत्रे दूरदूरच्या बंदरांत पोहोचली. युद्धानंतर ऑस्ट्रेलियात मागे राहिलेल्या अशा साहित्यातून तेथील सरकारने 'कॉमनवेल्थ हँडलिंग इक्विपमेंट पूल' उभा केला. तो १९५८ मध्ये ब्रॅम्बल्स या खासगी कंपनीने विकत घेतला. यंत्र मालकीचे नसावे, पण ते चालू स्थितीत हाताशी असावे, या भाडेतत्त्वाच्या कल्पनेचे हे एक आरंभीचे उदाहरण म्हणता येईल.

यंत्राचे स्वरूप आणि झीज

फोर्कलिफ्टची देखभाल अवघड होण्याचे कारण त्याच्या दुहेरी स्वरूपात आहे. ते एकाच वेळी वाहन आहे आणि उचलयंत्रही आहे. वाहन म्हणून त्याचे ब्रेक, टायर, स्टिअरिंग झिजतात. उचलयंत्र म्हणून साखळी, मास्टचे रोलर, हायड्रॉलिक सिलिंडर व नळ्या आणि स्वतः फोर्क झिजतात. पुढील चाकांचा आस हा टेकू धरून मागील वजन आणि पुढील भार यांचा तोल साधला जातो. त्यामुळे एका भागातील दोष दुसऱ्या भागाच्या सुरक्षिततेवर परिणाम करतो. एका बाजूचा टायर झिजला तर उंचावरील भार कलतो. मास्टमध्ये ढिलेपणा आला तर तो कल आणखी वाढतो.

यांपैकी पुष्कळ झीज डोळ्यांना सहज दिसत नाही. फोर्क जेथे काटकोनात वळतो ती टाच सतत जमिनीवर घासून पातळ होते. आयएसओ ५०५७ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार फोर्कची जाडी मूळ जाडीच्या ९० टक्क्यांवर आली की तो वापरातून काढून घ्यावा लागतो. म्हणजे ४० मिलिमीटर जाडीच्या फोर्कमध्ये केवळ ४ मिलिमीटरची झीज ही सीमारेषा ठरते. उचलसाखळीची झीज तिच्या लांबीवरून ओळखली जाते. ठराविक कड्यांची लांबी मोजून ती मूळ लांबीशी ताडून पाहावी लागते. हे काम नजरेने होत नाही, त्यास मोजमाप लागते, आणि मोजमापास नोंद लागते. मागील वर्षाची नोंद नसेल तर या वर्षीच्या मापावरून झिजेचा वेग कळत नाही.

कायद्याची वाटचाल : तीन देशांची उदाहरणे

अमेरिकेत १९७० च्या व्यावसायिक सुरक्षा कायद्यानंतर १९७१ मध्ये शक्तिचालित औद्योगिक गाड्यांविषयीचे मानक लागू झाले. त्यानुसार फोर्कलिफ्ट वापरात आणण्यापूर्वी दररोज, आणि अहोरात्र काम चालत असल्यास प्रत्येक पाळीनंतर, तपासणे बंधनकारक झाले. दोष आढळलेली गाडी दुरुस्त होईपर्यंत वापरातून काढून घ्यावी आणि दुरुस्ती अधिकृत व्यक्तीनेच करावी, असेही त्यात नमूद आहे. येथे भर दैनंदिन तपासणीवर आहे.

जपानमध्ये १९७२ च्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य कायद्याच्या चौकटीत तीन स्तरांची व्यवस्था उभी राहिली : काम सुरू करण्यापूर्वीची तपासणी, मासिक तपासणी आणि वार्षिक तपासणी. यांपैकी वार्षिक तपासणी विहित पात्रता असलेल्या तपासनिसाने किंवा नोंदणीकृत तपासणी संस्थेने करावयाची असते आणि तिच्या नोंदी तीन वर्षे जपून ठेवाव्या लागतात.

ब्रिटनमध्ये १९९८ च्या उचलयंत्रविषयक विनियमांनी सर्वसाधारण उचलयंत्रांसाठी १२ महिन्यांची आणि माणसे उचलणाऱ्या यंत्रांसाठी ६ महिन्यांची सखोल तपासणी ठरवून दिली. त्यासोबतच्या मार्गदर्शक संहितेत एक महत्त्वाचा खुलासा आहे. तपासणी करणारी सक्षम व्यक्ती पुरेशी स्वतंत्र व निःपक्षपाती असावी. नेहमीची देखभाल करणारी व्यक्तीच तपासणी करू लागली तर ती आपल्याच कामाचे मूल्यमापन करील. मँचेस्टरच्या संघाने बॉयलरविषयी जे तत्त्व स्वीकारले होते तेच येथे जवळजवळ दीडशे वर्षांनी पुन्हा व्यक्त झालेले दिसते.

भारतीय स्थिती : दोन कायद्यांमधील जागा

भारतात भार उचलणाऱ्या यंत्रांचा कायदा प्रथम गोदीच्या संदर्भात आला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९३२ च्या ३२ क्रमांकाच्या संकेताच्या अनुषंगाने १९३४ मध्ये गोदी कामगारांविषयीचा कायदा संमत झाला. त्याखालील विनियम मात्र १९४८ मध्ये तयार झाले. त्याच वर्षी कारखाने अधिनियम, १९४८ अस्तित्वात आला. त्याच्या कलम २९ नुसार उचलयंत्रांची किमान १२ महिन्यांतून एकदा सक्षम व्यक्तीकडून सखोल तपासणी करून तिची नोंदवही ठेवणे आवश्यक होते. तथापि या कलमातील उचलयंत्राच्या व्याख्येत यारी म्हणजेच क्रेन, विंच, कप्पी, धावपट्टी अशी नावे होती; फोर्कलिफ्टचे नाव त्यात नव्हते. कायदा झाला तेव्हा भारतीय कारखान्यांत हे यंत्र परिचित नव्हते, हे लक्षात घेता यात आश्चर्य नाही.

परिस्थिती पुढे बदलली. गोदरेज कंपनीने १९६३ मध्ये मुंबईत फोर्कलिफ्टचे उत्पादन सुरू केले. व्होल्टास कंपनीही या क्षेत्रात होती. याच काळात गोदामांत आणि बाजारपेठांत ओझे वाहणे बव्हंशी माणसाच्या डोक्यावर-पाठीवर अवलंबून होते. १९६९ चा महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांविषयीचा कायदा हे त्या वास्तवाचे द्योतक होय. १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. बंद पेटीत येणारा माल उतरविणे, भरणे व रचणे या कामांत फोर्कलिफ्टचे महत्त्व वाढले.

वाहन म्हणूनही या यंत्राचे स्थान असेच संदिग्ध राहिले. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २ मधील मोटार वाहनाच्या व्याख्येतून, केवळ कारखान्यात किंवा अन्य बंदिस्त आवारात वापरण्यासाठी बनविलेले विशेष प्रकारचे वाहन वगळलेले आहे. परिणामी रस्त्यावरील मालमोटारीस जसे योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते तसे केवळ आवारात चालणाऱ्या फोर्कलिफ्टला घ्यावे लागत नाही. अशा रीतीने हे यंत्र वाहनांच्या कायद्याबाहेर राहिले आणि उचलयंत्रांच्या व्याख्येत नावाने आले नाही. व्यवहारात अनेक कारखाने फोर्कलिफ्टचीही सक्षम व्यक्तीकडून तपासणी करून घेत आले आहेत. परंतु व्यवहारातील प्रथा आणि कायद्यातील निःसंदिग्ध शब्द यांत फरक असतो. प्रथा खर्चकपातीच्या काळात प्रथम शिथिल होते.

१९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात व्यापक दुरुस्त्या झाल्या. यंत्रसामग्री सुरक्षित ठेवण्याचे सर्वसाधारण कर्तव्य कलम ७-क अन्वये भोगवटादारावर सोपविण्यात आले. सक्षम व्यक्तीची व्याख्याही याच वेळी कायद्यात आली : शैक्षणिक अर्हता, अनुभव आणि उपलब्ध साधने पाहून मुख्य निरीक्षकाने मान्यता दिलेली व्यक्ती किंवा संस्था. गोदीपुरता १९८६ चा स्वतंत्र सुरक्षा अधिनियम व १९९० चे विनियम आले. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची स्थिती संहितेने कारखाने व गोदी या दोन्हींविषयीचे अधिनियम आपल्यात सामावून घेतले. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली असून सुरक्षेचे तपशील तिने शासनाने घोषित करावयाच्या मानकांवर सोपविले आहेत. फोर्कलिफ्टला उचलयंत्र म्हणून नावानिशी स्थान देण्याची संधी या मानकांच्या रूपाने उपलब्ध आहे.

सेवापुरवठादाराची निवड : इतिहासातून मिळणारे निकष

वरील इतिहासाच्या प्रकाशात सेवापुरवठादाराची निवड ही केवळ दरपत्रकांची तुलना राहत नाही. कायद्याने जे काम पूर्णपणे केले नाही ते काम काही अंशी या निवडीला करावे लागते. त्यासाठी पुढील चार निकष महत्त्वाचे ठरतात.

पहिला निकष नोंदींचा. प्रत्येक गाडीच्या अवर मीटरचे आकडे, साखळी व फोर्कची मोजमापे, बदललेले भाग यांची तारीखवार नोंद ठेवणारा आणि ती ग्राहकाच्या स्वाधीन करणारा पुरवठादारच विश्वासार्ह मानावा. केवळ 'सर्व्हिसिंग केले' एवढाच शेरा असलेला कागद हा पुरावा नव्हे.

दुसरा निकष पात्रतेचा. कायद्यातील सक्षम व्यक्तीच्या व्याख्येत अर्हता, अनुभव व साधने या तिन्हींचा विचार होता. अनुभवी मेकॅनिक आहे, पण साखळी मोजण्याचे साधन नाही, अशी सेवा अपुरी होय.

तिसरा निकष सुट्या भागांच्या सातत्याचा. उत्पादक कंपन्यांची मालकी व भागीदारी बदलत असते. २०११ मध्ये व्होल्टासचा या यंत्रांचा व्यवसाय जर्मनीच्या किऑन समूहाबरोबरच्या संयुक्त कंपनीकडे गेला. यंत्राचे आयुष्य अशा व्यापारी व्यवस्थांपेक्षा अधिक असू शकते. म्हणून जुन्या गाडीचे भाग कोठून आणि किती काळ मिळतील, याचे लेखी उत्तर करारापूर्वीच घ्यावयास हवे.

चौथा आणि सर्वांत महत्त्वाचा निकष पृथक्तेचा. वार्षिक देखभाल कराराची रक्कम ज्याला मिळते त्यानेच यंत्र सुरक्षित असल्याचे प्रमाणपत्र द्यावे, ही व्यवस्था सोयीची व स्वस्त असली तरी १८५४ पासूनच्या अनुभवाच्या विरुद्ध जाणारी आहे. जो पुरवठादार आपल्या कामाची त्रयस्थाकडून होणारी तपासणी स्वागतार्ह मानतो, तोच दीर्घकाळ भरवशाचा ठरतो.

निष्कर्ष

१. देखभालीचा स्वतंत्र प्रश्न यंत्राच्या शोधातून नव्हे, तर यंत्र बनविणारा व वापरणारा यांच्यातील ताटातुटीतून निर्माण झाला.

२. दुरुस्ती आणि प्रमाणन या दोन भूमिका वेगळ्या ठेवण्याचे तत्त्व बॉयलरच्या इतिहासातून आले. फोर्कलिफ्टपर्यंत ते निरनिराळ्या देशांत कमी-अधिक प्रमाणात पोहोचले.

३. भारतात हे यंत्र मोटार वाहन व कारखाने या दोन कायद्यांमधील जागेत राहिल्याने भोगवटादाराच्या विवेकावर अधिक भार पडला. काम बाहेरच्या पुरवठादाराला देता येते. उत्तरदायित्व मात्र देता येत नाही.

४. नव्या संहितेखालील मानकांत फोर्कलिफ्टचा स्पष्ट उल्लेख, नियतकालिक सखोल तपासणी आणि तपासनिसाचे स्वातंत्र्य या तीन बाबींचा समावेश होणे इष्ट आहे. उंच उचललेल्या भाराखाली आणि त्याच्या आसपास वावरणाऱ्या कामगाराला साखळी किती झिजली आहे हे पाहता येत नाही. ते त्याच्या वतीने कोणीतरी पाहिले आहे आणि पाहणारा खरे सांगण्यास मोकळा होता, एवढी खात्री त्याला मिळणे हा त्याचा हक्क आहे.