काडतुसाच्या आत काय आहे?

एका आकड्यापासून सुरुवात करतो : १२५. पिस्तुलाचेच काडतूस वापरणारी, पण खांद्याला टेकवून चालवायची आखूड रायफल म्हणजे पिस्तूल-कॅलिबर कार्बाइन. ती घेऊन स्पर्धेत उतरणाऱ्या नेमबाजांच्या डोक्यात हा आकडा सतत घोळत असतो. गोळीचे वजन ग्रेनमध्ये घ्यायचे, दर सेकंदाला ती किती फूट जाते त्या वेगाने गुणायचे आणि एक हजाराने भागायचे. येईल त्या उत्तराला पॉवर फॅक्टर म्हणतात. तो १२५च्या खाली गेला तर खेळाडूने सगळी निशाणे अचूक टिपली तरी त्याच्या नावापुढे शून्य लागते. आणि वर कितीही गेला तरी या गटात गुण एकानेही वाढत नाहीत.

ग्रेन हे फार लहान वजन आहे. सोनाराची गुंज जवळजवळ दोन ग्रेनची भरते. नऊ मिलिमीटरच्या काडतुसात बहुधा दोन-अडीच गुंजांएवढी दारू असते, आणि तिच्यात दाण्या-दोन दाण्यांचा फरक करत अनेक स्पर्धक घरच्या टेबलावर आपली काडतुसे स्वतः भरतात. याला तिकडे हँडलोडिंग म्हणतात. मी या विषयाकडे वळलो तो खेळाच्या ओढीने नव्हे. काडतुसाच्या आत काय आहे हे नेमके कोणाला ठाऊक असते, आणि ज्याला ते चालवायचे त्याला ते ठाऊक असावे की नाही, या प्रश्नाने मला तिथे नेले. हा प्रश्न आपल्या इतिहासात एकदा फार महाग पडला आहे.

‘काडतूस’ हा शब्द मराठीत पोर्तुगिजांकडून आला. तेव्हाची वस्तू कागदाची होती : मोजलेली दारू आणि गोळी यांची एकत्र सुरळी. १८५३च्या नमुन्याच्या एन्फिल्ड रायफलीसाठी ती दातांनी फाडायची, दारू नळीत ओतायची आणि वंगण लावलेला गोळीचा भाग वरून ठासायचा. त्या वंगणात गाईची आणि डुकराची चरबी असल्याचा संशय आणि त्यातून पेटलेला १८५७ चा वणवा आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. त्या हकिकतीतला एक तपशील मात्र सहसा मागे पडतो. दमदमच्या कुजबुजी वरपर्यंत पोहोचल्यावर २७ जानेवारी १८५७ रोजी कर्नल बर्च यांनी सरकारतर्फे हुकूम काढला की डेपोतून काडतुसे वंगणाशिवाय द्यावीत आणि शिपायांनी आपल्याला चालेल ते वंगण आणून स्वतःच्या हाताने लावावे. म्हणजे काडतूस तयार करण्याची शेवटची पायरी शिपायाच्या हाती सोपवली गेली. पण फेब्रुवारीत बराकपूरला चौकशी झाली तेव्हा शिपाई म्हणाले की आम्हाला आता कागदाचाच संशय येतो, तो चकाकतो. माझ्या मते यात अडाणीपणा शोधणे चुकीचे आहे. वस्तू दुसऱ्याने, आपल्या डोळ्याआड बनवलेली असेल, तर शेवटचा हात आपला असून भागत नाही. संशय एक पायरी मागे सरकतो, इतकेच.

पुढच्या दहा-बारा वर्षांत कागद गेला आणि पितळ आले. गोळी, दारू आणि ठिणगी पाडणारी टोपी हे सगळे एका पुंगळीत बंद झाले. पहिल्या लोकप्रिय काडतुसांत, उदाहरणार्थ अमेरिकेतल्या १८६०च्या हेन्री रायफलीच्या, ठिणगीचे रसायन पुंगळीच्या कडेतच भरलेले असे. चाप ओढला की ती कड चेपायची आणि पुंगळी कायमची निकामी व्हायची. मग टोपी बुडाच्या मध्यभागी वेगळी बसवण्याची युक्ती निघाली. १८६६ च्या सुमारास ती दोघांनी दोन प्रकारे केली. वुलिचच्या कारखान्यातले इंग्रज अधिकारी एडवर्ड बॉक्सर यांच्या रचनेत ठिणगीला मधोमध एकच भोक असे. अमेरिकन हायरम बर्डन यांच्या रचनेत मध्यापासून बाजूला दोन. पुढे गंमत अशी झाली की अमेरिकेने इंग्रजाची पद्धत उचलली आणि युरोपने बरीचशी अमेरिकनाची. या अदलाबदलीचा परिणाम मोठा आहे. मधोमध भोक असले की वापरलेली टोपी एका साध्या सळईने आतून ढकलून काढता येते आणि तीच पुंगळी पुन्हा भरता येते. घरी काडतूस भरण्याचा छंद अमेरिकेत एवढा रुजला त्याचे श्रेय तिथल्या स्वातंत्र्यप्रेमाला देण्याची पद्धत आहे. मी त्यातला बराच वाटा या एका भोकाला देईन.

१८७३ ची विंचेस्टर रायफल पुन्हा भरता येणाऱ्या काडतुसाची होती : चाळीस ग्रेन काळी दारू, दोनशे ग्रेनची गोळी. पुढल्या पाचेक वर्षांत कोल्ट कंपनीने त्याच काडतुसाचे रिव्हॉल्व्हर काढले. कमरेला आणि खोगिराला दोन शस्त्रे, पट्ट्यात काडतुसे एकाच जातीची. आजच्या कार्बाइनची वंशावळ इथून सुरू होते, आणि तिचा मूळ पेचही. काडतूस एक, नळ्या दोन. एक आखूड, एक लांब. एकीसाठी जुळवलेला भरणा दुसरीला तंतोतंत जुळेलच असे नाही.

१८८४ साली न्यू हेवनच्या जॉन बार्लो यांनी ‘आयडियल’ नावाचे भरणीचे हत्यार बाजारात आणले. चित्र पाहिले तर आपल्याला अडकित्ताच आठवेल. दोन दांडे दाबले की जुनी टोपी बाहेर, नवी आत, गोळी बसते, पुंगळीची कड आवळली जाते. काही नमुन्यांच्या टोकाला शिसे ओतून गोळी पाडायचा साचाही होता. त्यांची कंपनी हत्यारासोबत माहितीपुस्तिका काढत असे, आणि हत्यारापेक्षा मला तिचे महत्त्व जास्त वाटते. शस्त्रागाराच्या भिंतीआडचे ज्ञान शेतकऱ्याच्या आणि शिकाऱ्याच्या टेबलावर आले ते अशा पुस्तिकांनी. ही कंपनी १९२५ मध्ये लायमन यांच्याकडे गेली.

मोजमाप मात्र घरात यायला फार वेळ लागला. गोळीचा वेग मोजण्याचा खात्रीचा मार्ग बेंजामिन रॉबिन्स यांनी १७४२ च्या ग्रंथात मांडला होता. टांगलेल्या जड लाकडी लोलकावर गोळी झाडायची, तो किती मागे गेला ते फितीने मोजायचे, आणि त्यावरून गोळीचा वेग काढायचा. हवेचा अडथळा तोवर मानत त्याहून कितीतरी मोठा असतो, हे त्यांना यातूनच कळले. ऑयलरसारख्या गणितज्ञाने त्या ग्रंथाचे जर्मन भाषांतर करून त्यावर टीपा लिहिल्या. हेच रॉबिन्स १७५० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचे मुख्य अभियंता म्हणून किल्ल्यांच्या दुरुस्तीसाठी भारतात आले आणि पुढच्याच वर्षी कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात वारले. १८६० च्या दशकात बेल्जियन तोफखान्यातले ल बुलांझे यांनी विजेचे यंत्र केले : गोळी दोन तारा तोडते, दोन दांड्या पाठोपाठ सुटतात आणि त्यांच्या पडण्यातल्या अंतरावरून वेळ कळते. पण ही साधने सैन्याची. घरच्या भरणाऱ्याकडे कागदावरची भोके आणि खांद्याला बसणारा धक्का, एवढेच पुरावे.

त्या तुटपुंज्या पुराव्यांवरही लोकांनी काम केले. मॅसॅच्युसेट्समधले डॉक्टर फ्रँकलिन मान यांनी काँक्रीटच्या भक्कम ओट्यावर नळी जखडून, नेमबाजाचा हात पूर्ण वगळून, वर्षानुवर्षे प्रयोग केले आणि १९०९ साली पुस्तक लिहिले. गोळीचे टोक बिघडले तर फारसे बिघडत नाही, पण तिचे बूड किंचित वाकडे असेल तर ती भरकटते, हा त्यांचा निष्कर्ष आजही प्रत्येक भरणाऱ्याला पाठ असतो.

आता स्पर्धेकडे. १९७६ मध्ये मिझुरीतल्या कोलंबिया गावी आंतरराष्ट्रीय प्रॅक्टिकल शूटिंग संघटना स्थापन झाली. जेफ कूपर पहिले अध्यक्ष. अचूकता, जोर आणि वेग हे तिचे लॅटिन ब्रीद. जोर मोजायला सुरुवातीच्या वर्षांत तिथे लोलकच टांगत. नंतर विद्युत क्रोनोग्राफ आले, पण सूत्र लोलकाचेच राहिले : वस्तुमान गुणिले वेग. ऊर्जा नव्हे, संवेग. या एका निवडीवर आजची सगळी कारागिरी उभी आहे. ११५ ग्रेनची गोळी १०८७ फुटांनी गेली की १२५ भरतात. १४७ ग्रेनची ८५१ फुटांनी गेली तरी तेवढेच. नियमाच्या लेखी दोघी सारख्या. पण दुसरीची ऊर्जा पाचव्या हिश्शाहून थोडी अधिकच कमी, आणि ती ध्वनीच्या वेगाच्या बरीच खाली.

अमेरिकन संघटनेने २०१६ मध्ये कार्बाइनला वेगळा गट दिला तेव्हा पिस्तुलासाठी वर्षानुवर्षे भरणारे लोक तोच भरणा घेऊन आले, आणि विंचेस्टरचा जुना पेच पुन्हा समोर उभा राहिला. पिस्तुलाची नळी चार-पाच इंच. रायफलीची अमेरिकी कायद्याने किमान सोळा. लवकर जळणारी दारू पहिल्या काही इंचांतच संपते. पुढे गोळी पसरणाऱ्या वायूवर आणि घर्षणाशी झगडत जाते. किती वेग वाढेल हे दारूच्या जातीवर आणि गोळीच्या वजनावर अवलंबून, म्हणून आपल्या नळीतून मोजल्याशिवाय गत्यंतर नाही.

दुसरी गोष्ट बोल्टची. यांतल्या बहुतेक कार्बाइनींत बोल्टला कुलूप नसते. त्याचे वजन आणि मागची स्प्रिंग एवढ्यावर तो थोपतो. तो जड गोळा मागे जाऊन आदळतो आणि परत येऊन आदळतो, तेव्हा दुर्बिणीतला लाल ठिपका उडतो. खेळाडूला जाणवणारा धक्का बराचसा या लोखंडाचा असतो, गोळीचा नव्हे. भरणा फार हलका केला तर बोल्ट पुरता मागे जात नाही आणि पुढचे काडतूस अडकते. इथे भरणाऱ्यांत दोन तट आहेत. एक म्हणतो, जड गोळी, कमी दारू, मऊ धक्का. दुसरा म्हणतो, नळीच्या तोंडावरचा कॉम्पेन्सेटर वायूवर चालतो. वायूच नसेल तर तो नळी खाली दाबणार कशाने? म्हणून हलकी गोळी, जास्त दारू. मला पहिल्यांचे म्हणणे पटते, कारण सोळा इंच ओलांडून तोंडाशी पोहोचेपर्यंत वायूचा दाब मुळातच खूप उतरलेला असतो. पण घड्याळ कोणाचे मत विचारत नाही, आणि दोन्ही तटांतले लोक जिंकतात.

मग १२५ वर नेमके थांबायचे का? तसे कोणी करत नाही. काही दारूंचा जोर थंडीत उतरतो. स्पर्धेत पंच खेळाडूची काडतुसे काढून घेतात, एकातली गोळी उपसून वजन करतात आणि उरलेली क्रोनोग्राफवर झाडतात. त्यामुळे जाणता माणूस चार-पाच अंकांचे अंतर ठेवतो.

खरा धोका मात्र नियमाचा नाही. एखाद्या पुंगळीत दारू पडायची राहिली, तर नुसती टोपी गोळीला नळीत अर्ध्यावर ढकलते; सेकंदाला तीन-चार गोळ्या झाडण्याच्या भरात पुढची तिच्यामागे सुटली तर नळी फाटते. उलट, काळ्या दारूने पुंगळी भरून जात असे, पण धूररहित दारू थोडीशीच लागते आणि चुकून दुप्पट पडली तरी काही वेळा आत मावते. म्हणून अनुभवी लोक मुद्दाम फुगीर दारू निवडतात. दुप्पट पडली तर ती सांडून स्वतःच ओरडून सांगते. आत काय आहे हे जाणण्याचा हक्क घेतला की त्याची जोखीमही स्वतःच्याच बोटांवर आणि डोळ्यांवर येते.

आपल्याकडे काडतुसे बनवणे १९५९ च्या शस्त्र कायद्याने परवान्याखाली आहे, त्यामुळे असा घरगुती छंद इथे रुजला नाही. आपले नामवंत रायफल नेमबाज, कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत असोत की २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारे स्वप्नील कुसाळे, ज्या पन्नास मीटर प्रकारात खेळतात तिथे पॉइंट टू-टू काडतूस लागते. त्याचे रसायन हेन्रीसारखे कडेतच, म्हणजे ते पुन्हा भरता येत नाही. मग जुळवणी कशी करायची? जागतिक पातळीवरचे खेळाडू आपली रायफल घेऊन इंग्लंड-जर्मनीतल्या कारखान्यांच्या चाचणी-दालनात जातात. तिथे नळी शिकंज्यात जखडून एकाच कंपनीच्या, एकाच दर्जाच्या वेगवेगळ्या लॉटमधल्या गोळ्या झाडून पाहतात. ज्या लॉटची भोके सर्वांत जवळजवळ पडतात, त्याचा क्रमांक टिपून जमेल तेवढी खोकी विकत घ्यायची. तो लॉट संपला की पुन्हा पहिल्यापासून.